छाटणीपासून लेबलपर्यंत : वाइनच्या अभ्यासाची प्रस्तावना

भंडारा जिल्हा द्राक्षांचा नाही. वैनगंगेकाठचा हा मुलूख धानाचा, तलावांचा आणि मोहाचा. तुमसरच्या बाजारात धानाला काय भाव निघाला, गोसीखुर्दचं पाणी कालव्याला कधी सुटणार, यंदा मोहफूल कसं पडलं, या इथल्या चौकशा. अशा ठिकाणी बसून वाइनच्या अभ्यासाची प्रस्तावना लिहिणं आगाऊपणाचं वाटेल. पण प्रस्तावना असते ती बाहेरून आत येणाऱ्यासाठी. नाशिककडच्या दिंडोरी-निफाडच्या माणसाला ज्या गोष्टी न सांगता ठाऊक असतात, त्या इथे पहिल्यापासून सांगाव्या लागतात. आणि पहिल्यापासून सांगायला बसलं की मूलभूत काय आणि नुसतं मिरवण्यापुरतं काय, याची निवड आपोआप होत जाते.

वाइनबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक दोन टोकांना असतं. एका टोकाला बागायतदारांसाठी लिहिलेलं छाटणी, फवारणी आणि खतांचं वेळापत्रक. दुसऱ्या टोकाला पुरवण्यांमधला मजकूर : कोणता ग्लास, कोणत्या पदार्थासोबत कोणती बाटली. पहिल्यात द्राक्ष आहे पण वाइन नाही. दुसऱ्यात वाइन आहे पण ती कुठून आली याचा पत्ता नाही. या दोन टोकांच्या मधे एक साधा प्रश्न उभा आहे. एका बाटलीतली वाइन हलकी, आंबटसर आणि फिकट, तर शेजारच्या बाटलीतली गडद, तुरट आणि अंगाने भरलेली. हे असं का? या प्रश्नाचा नीट पाठपुरावा करणं म्हणजेच हे अभ्यासक्षेत्र.

शैली म्हणजे काय

इथे शैली हा शब्द गुणवत्तेच्या अर्थाने घेतलेला नाही. चांगली वाइन आणि वाईट वाइन हा वाद वेगळा. शैली म्हणजे वाइनचा स्वभाव, आणि तो बराचसा मोजता येतो. आंबल्यावर किती साखर उरली, आम्लता किती, मद्यार्काचं प्रमाण किती, सालीतून आणि बियांतून उतरलेलं टॅनिन किती, रंग किती गडद, गंध कोणत्या कुळातले, आणि वायू कोंडलेला आहे की नाही. लिटरमागे चार ग्रॅमपर्यंत साखर उरलेली वाइन कोरडी गणली जाते आणि ४५ ग्रॅमच्या पुढची गोड. मधल्या पायऱ्यांनाही नावं आहेत. फेसाळत्या वाइनचा हिशेब निराळा असतो; तिथे १२ ग्रॅमच्या आतली साखर 'ब्रूट' या वर्गात बसते. हे आकडे कंटाळवाणे वाटले तरी 'मला ही आवडली' आणि 'ही अशी आहे' या दोन विधानांमधला फरक तेच राखतात.

ही शैली येते कुठून? मातीतून, असं एक उत्तर फार लोकप्रिय आहे. वाइन बनवणाऱ्याच्या हातातून, हे दुसरं. दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. शैली ही निर्णयांच्या साखळीतून घडते आणि प्रत्येक निर्णय पुढच्या माणसाचे पर्याय कमी करत जातो. छाटणीची तारीख तोडणीचा महिना बांधून टाकते. तोडणीच्या दिवशी रसात असलेली साखर मद्यार्काची कमाल मर्यादा ठरवते. सालीसकट आंबवायचं की साल काढून, या एका निर्णयाने तांबडी की पांढरी हे ठरून जातं. या साखळीची शेवटची कडी म्हणजे लेबल. पण गंमत अशी की काळाच्या क्रमाने शेवटची असलेली ही कडी हेतूच्या क्रमाने अनेकदा पहिली असते. कोणत्या नावाने, कोणाला, किती किमतीला विकायचं हे आधी ठरतं आणि मग तो निर्णय उलट्या दिशेने चालत बागेपर्यंत जातो. ही साखळी दोन्ही दिशांनी वाचता येणं, हे माझ्या मते या क्षेत्रातलं मुख्य कौशल्य आहे.

भंडाऱ्याच्या वाचकाला हे कौशल्य परकं नाही. चिन्नोरचा भात ताटात आला की वास कसा उतरला यावरून वाण, बांधीतलं पाणी, कापणीची वेळ, भरडाई आणि तांदूळ जुना की नवा, इथपर्यंत बोलणारी माणसं इथल्या घराघरांत आहेत. पिशवीवर 'चिन्नोर' छापलं म्हणून ती विश्वास ठेवत नाहीत. हीच नजर बाटलीकडे वळवायची आहे.

इथे द्राक्ष का नाही

एखादं पीक जिथे येत नाही तिथून त्याचा अभ्यास सुरू करण्यात फायदा असतो, कारण न येण्याची कारणं म्हणजेच येण्याच्या अटी. समशीतोष्ण देशांत वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात फुटतो आणि शरदात फळ देतो. महाराष्ट्रात त्याला झोप देणारी थंडी नाही. तो सोडला तर वर्षभर वाढत राहील. म्हणून आपल्या बागायतदारांनी दोन छाटण्या आणि एक पीक अशी पद्धत बसवली. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी. तिच्यातून नवी काडी तयार होते. नंतर सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी बहाराची छाटणी. तिच्यातून घड येतात. खरड छाटणीनंतरच्या साधारण दीड-दोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. पुढच्या हंगामात किती घड लागणार ते तेव्हाच ठरतं, आणि त्यासाठी लख्ख ऊन लागतं.

आता हे वेळापत्रक भंडाऱ्यावर ठेवून पाहा. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, मग जूनपासून ढग दाटतात आणि वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोवळ्या काडीला आधी होरपळ आणि मग महिनोन्‌महिने ओल. केवडा म्हणजे डाऊनी आणि करपा यांना याहून चांगलं आमंत्रण नाही. धानाच्या बांधीत पाणी साठून राहतं ते धानाला हवंच असतं. द्राक्षाची मुळं त्याच पाण्यात गुदमरतात. उलट दिंडोरी, निफाडच्या पट्ट्यात सह्याद्रीच्या आडोशामुळे पाऊस कमी, जमीन बरीचशी मुरमाड आणि निचऱ्याची, उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर आणि हिवाळ्याच्या रात्री गार. निफाडचा पारा किती उतरला ही बातमी दर हिवाळ्यात आपण वाचतोच. ती थंडी वाइनच्या द्राक्षाच्या कामाची आहे, कारण गार रात्री मण्यांतली आम्लता राखतात.

पण म्हणून भंडाऱ्यात आंबवण्याची परंपरा नाही असं मात्र नाही. इथला कच्चा माल मोहफूल. मार्च-एप्रिलच्या पहाटे झाडाखाली पडलेली रसाळ फुलं वेचायची, वाळवायची, साठवायची. वाळलेल्या फुलात साखर मुबलक असते. पाण्यात भिजवून ठेवलं की यीस्ट आपलं काम करतं आणि सडवा तयार होतो. इथवर मोह आणि द्राक्ष यांचा मार्ग एकच आहे. पुढे फाटा फुटतो. द्राक्षाचा आंबलेला रस तसाच निवळून, मुरवून बाटलीत जातो. मोहाचा सडवा भट्टीवर चढतो आणि उकळून, थंड करून त्याची दारू काढली जाते. ऊर्ध्वपातनात मद्यार्क आणि उडून जाणारे गंध पुढे जातात. साखर, आम्ल, टॅनिन आणि रंग मागे राहतात. म्हणजे वर सांगितलेल्या शैलीच्या मापांपैकी निम्मी मापं भट्टीतच गळून पडतात. वाइन म्हणजे काय हे समजावण्यासाठी इथल्या वाचकाला याहून जवळचं उदाहरण नाही. वाइनमध्ये मूळ फळाचं जवळजवळ सगळं शिल्लक राहतं, म्हणून तिच्यात शेताचा इतका हिशेब वाचता येतो.

बागेतले निर्णय

युरोपातल्या पुस्तकांतून शिकलेला विद्यार्थी नाशिकमध्ये पहिल्यांदा अडखळतो तो ऋतूंवर. तिकडे मणी पिकतात ते उन्हाळा सरून गारवा येत असताना. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीचं फळ नोव्हेंबर-डिसेंबरच्या गारव्यात वाढतं आणि जानेवारी ते मार्च या काळात, ऊन चढत असताना पिकतं. पिकण्याची दिशाच उलटी. त्यामुळे एक-दोन आठवड्यांची दिरंगाई तिकडे जेवढी महाग पडते, त्याहून इथे जास्त पडते. फेब्रुवारीत साखर चढताना आम्लताही टिकून असते. मार्चचं ऊन लागलं की मॅलिक आम्ल झपाट्याने जळतं आणि रस सपक होतो. सोव्हिन्यों ब्लांसारखं ताजेपणावर जगणारं द्राक्ष म्हणूनच हंगामाच्या सुरुवातीला तोडायची घाई असते, तर कॅबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझ यांना टॅनिन पिकण्यासाठी थांबवावं लागतं. थांबण्याची किंमत म्हणजे घटलेली आम्लता. ती मग वाइनरीत टार्टारिक आम्ल घालून भरून काढली जाते. उष्ण प्रदेशांत जगभर हेच चालतं.

दुसरा धडा खाण्याच्या आणि वाइनच्या द्राक्षांतल्या फरकाचा. महाराष्ट्रातली बहुतेक द्राक्षं खाण्यासाठी किंवा बेदाण्यासाठी पिकतात. वाइनच्या वाट्याला त्यातला छोटा हिस्सा. थॉमसन सीडलेस किंवा सोनाकाच्या घडावर जिबरेलिक अॅसिडची फवारणी होते, विरळणी होते. मणी मोठा, लांब, पातळ सालीचा आणि बिनबियांचा व्हावा म्हणून सगळी खटपट. वाइनला नेमकं उलटं हवं असतं. मणी लहान हवा, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. रंग, टॅनिन आणि बरेचसे गंध सालीतच असतात. एकरी उतारा जाणूनबुजून कमी ठेवला जातो. मांडवाऐवजी तारांवर उभी भिंत करून वेल वाढवला की घडांना ऊन आणि वारा नेमका देता येतो. सावलीत पिकलेल्या कॅबर्नेला ढोबळ्या मिरचीचा वास येतो. त्याला जबाबदार असलेली पायराझिन नावाची संयुगं उन्हाने कमी होतात. वासावरून पानांची विरळणी झाली की नाही याचा अंदाज बांधता येतो तो असा.

खुंटाचा इतिहासही इथे बदलतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या, आणि तिथे अमेरिकी वेलाच्या खुंटावर कलम करणं हा जगण्याचा मार्ग ठरला. महाराष्ट्रात खुंट आला तो मुख्यतः पाण्याच्या टंचाईमुळे आणि क्षारांमुळे. डॉगरिज खुंटावर वेल टिकतो, पण जोरही फार करतो; वाइनसाठी तो जोर अनेकदा नको असतो, म्हणून ११०-आरसारखे खुंट पसंत केले जातात. म्हणजे पाण्याची खारट चव बाटलीत उतरत नाही, पण पाणी खारट आहे ही गोष्ट खुंटामार्फत शैलीत शिरते. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून असल्या प्रश्नांवर काम करतं आहे. वाइनकडे येऊ पाहणाऱ्या कृषी शाखेच्या विद्यार्थ्यासाठी तो पहिला पत्ता.

वाइनरीतले निर्णय

तोडणीच्या दिवशी बागायतदार ब्रिक्स बघतो, म्हणजे रसातल्या विद्राव्य घनपदार्थांचं, मुख्यतः साखरेचं प्रमाण. २२ ब्रिक्सच्या रसातली सगळी साखर आंबली तर साधारण १२ ते १३ टक्के मद्यार्काची वाइन होते. 'सगळी' हा शब्द महत्त्वाचा. आंबणं मधेच थांबवलं, म्हणजे टाकी एकदम थंड करून यीस्ट गाळून टाकलं, तर मद्यार्क कमी आणि साखर शिल्लक. नाशिकची शेनां ब्लां समजून घ्यायची ती इथे. फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं हे द्राक्ष. सुला या कंपनीने १९९०च्या दशकाच्या अखेरीस नाशिकला सोव्हिन्यों ब्लांसोबत ते लावलं, आणि त्याची वाइन किंचित गोडसर ठेवली. वाइनची ओळखच नसलेल्या ग्राहकाला पहिल्या घोटात दचकवायचं नाही, हे त्यामागचं उघड गणित. त्याच द्राक्षाचे घड वेलीवर जास्त दिवस ठेवून, साखर साठवून केलेली 'लेट हार्वेस्ट' गोड वाइनही सुलाने काढली. एक जिल्हा, एक कंपनी, एकच वाण, आणि शैली दोन. मातीनेच सगळं ठरत असतं तर हे झालं नसतं.

तांबड्या वाइनचा सगळा भर सालीवर. रस सालीसकट आंबतो, तापमान २५ ते ३० अंशांच्या आसपास ठेवतात, वर तरंगणारा सालींचा थर रोज रसात भिजवतात. किती दिवस भिजवलं यावर टॅनिन ठरतं. पांढरी वाइन साल काढून, बरीच गार, १२ ते १८ अंशांत आंबते, म्हणजे फळाचे नाजूक गंध उडून जात नाहीत. गुलाबी वाइनला सालीचा सहवास काही तासांचाच. पुढचा निर्णय ओकच्या पिंपाचा. २२५ लिटरचं फ्रेंच पिंप महाग असतं. ते व्हॅनिला-मसाल्यांचे गंध देतं, लाकडातून हळूहळू प्राणवायू आत सोडतं, टॅनिन मऊ करतं. स्टीलच्या टाकीतली वाइन फळाशी प्रामाणिक राहते. दोन्ही मार्ग योग्यच. ग्राहक कोण आहे त्यावर निवड अवलंबून.

फेसाळत्या वाइनच्या निमित्ताने आपल्याकडची एक मोठी गोष्ट सांगितली पाहिजे. १९८०च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फ्रेंच तंत्रसाहाय्य घेऊन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याच्या पद्धतीने फेसाळती वाइन बनवली. 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशात गेली. या पद्धतीत तयार वाइनमध्ये लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. निर्माण झालेला वायू बाहेर पडू न शकल्याने सहा वातावरणांच्या आसपास दाब तयार होतो. मग यीस्टचा गाळ तोंडाशी आणून काढून टाकतात आणि अखेरीस थोडं गोड मिश्रण भरून गोडी ठरवतात. अशा वाइनसाठी द्राक्ष लवकर, कमी साखरेला आणि चढ्या आम्लतेला तोडतात. पूर्ण पिकण्याआधी तोडायला चालतं, ही सवलत उष्ण प्रदेशाला मोलाची आहे. मोएट हेनेसीने २०१३च्या सुमारास दिंडोरीत शांदों या फेसाळत्या वाइनचा भारतीय अवतार आणला, त्यामागेही हे कारण असावं असं मला वाटतं.

सगळी वाट नाशिकचीच आहे असंही नाही. बंगळूरजवळच्या नंदी हिल्सच्या पायथ्याशी ग्रोव्हर कुटुंबाने बोर्दोचे सल्लागार मिशेल रोलां यांची मदत घेतली. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूज परिसरात फ्रातेल्लीने इटालियन भागीदारांसह सांजोवेझे लावलं. सल्लागार फ्रेंच की इटालियन की कॅलिफोर्नियाचा, याची सावली वाणाच्या निवडीवर, पिंपांवर आणि शेवटी चवीवर पडते. शैलीला पारपत्रही असतं, असं म्हणायला हरकत नाही.

लेबल

लेबल हा आरसा असतो अशी नवख्याची समजूत असते. खरं तर लेबल हे विधान आहे. त्यातला काही भाग कायद्याने वदवून घेतलेला, काही स्वखुशीचा आणि काही निव्वळ आर्जव. तिन्ही भाग वेगळे करता आले पाहिजेत.

कायद्याने वदवून घेतलेल्या भागात मद्यार्काचं प्रमाण आणि आरोग्याचा इशारा येतो. मद्यपेयांसाठीचे केंद्रीय अन्नसुरक्षा नियम २०१८ मध्ये झाले आणि १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले. वाणाचं नाव छापण्याची अट देशोदेशी वेगळी. अमेरिकेत बाटलीत त्या वाणाचा ७५ टक्के रस असला की पुरे. युरोपीय संघात ८५ टक्के लागतो. म्हणजे 'कॅबर्ने' लिहिलेल्या बाटलीत पंधरा ते पंचवीस टक्के दुसरं काही कायदेशीरपणे असू शकतं. 'रिझर्व्ह' हा शब्द घ्या. स्पेनमध्ये तांबड्या वाइनला 'रेसेर्वा' म्हणायचं तर तीन वर्षं मुरणं आणि त्यातलं किमान एक वर्ष पिंपात असणं ही कायद्याची अट आहे. आपल्याकडे त्या शब्दामागे अशी वर्षांची अट उभी नाही. तो कंपनीचा आपला शब्द. दोन बाटल्यांवर जवळजवळ एकच शब्द, पण एक करार आणि दुसरी शिफारस.

लेबल शैली नुसती सांगतं असं नाही, ती घडवतंही. कॅलिफोर्नियात गोड, ढिसाळ सोव्हिन्यों ब्लांमुळे त्या नावाची पत गेली होती. रॉबर्ट मोंडावी यांनी १९६८ मध्ये ते द्राक्ष कोरड्या पद्धतीने, ओकमध्ये मुरवून केलं आणि बाटलीवर 'फ्युमे ब्लां' असं नवं नाव लावलं. विक्री वाढली, इतर उत्पादकांनी नाव उचललं आणि नावामागे शैलीही पसरली. गोव्याची 'पोर्ट वाइन' हे याचं आपल्या घराजवळचं रूप. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्याची हद्द १७५६ मध्ये आखली गेली, पोर्ट हे नाव तिथलं. पण गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या त्या नावाने स्वस्त गोड तांबडी वाइन विकली गेली आणि गोव्याहून येणाऱ्या प्रत्येक पिशवीतून महाराष्ट्रात 'वाइन म्हणजे गोड' हा समज पोहोचला. नाशिकच्या गोडसर शेनां ब्लांला जो तयार ग्राहक मिळाला, त्याची जीभ काही अंशी या लेबलने घडवलेली होती. 'नाशिक व्हॅली वाइन'ला मिळालेलं भौगोलिक मानांकन हे त्याच खेळातलं दुसऱ्या बाजूचं पाऊल : नाव जागेला बांधून ठेवण्याचं.

चव जिभेवर किती आणि डोळ्यांत किती, यावर दोन प्रयोग या क्षेत्रात प्रत्येकाला ठाऊक असावेत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या अभ्यासात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या रंगाने तांबडी करून दिली. त्यांनी तिचं वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केलं. २००८ च्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात एकच वाइन १० डॉलरची आणि ९० डॉलरची म्हणून पाजली. महागडी सांगितलेली जास्त आवडली, आणि मेंदूच्या चित्रणात सुखाशी निगडित भागातली हालचालही वाढलेली दिसली. माणसं खोटं बोलत नव्हती. लेबल खरोखरच चवीचा भाग झालं होतं.

लेबलच्याही मागे सरकार उभं असतं. २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने महाराष्ट्राच्या द्राक्षांच्या वाइनला करसवलती दिल्या, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क उभे केले. त्यातून अनेक छोट्या वाइनऱ्या निघाल्या आणि अनेक शेतकऱ्यांनी खाण्याची द्राक्षं काढून वाइनचे वाण लावले. २००८ च्या मंदीनंतर मागणी घसरली तेव्हा त्यातल्या कितीतरी बागा पुन्हा उपटल्या गेल्या. २७ जानेवारी २०२२ ला मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. त्यावर मोठा वाद झाला आणि तो अंमलात आला नाही. अंमलात आला असता तर कदाचित किराण्याच्या फळीवर शोभेल अशी हलकी, स्वस्त, गोडसर वाइन जास्त बनली असती. अशा वेळी शैलीचा निर्णय मंत्रालयात होतो आणि छाटणीची कात्री मागाहून चालते.

या क्षेत्रात कसं यावं

वाइनचा अभ्यास एका विद्याशाखेत मावत नाही. बागशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, गंधाचं मानसशास्त्र, कायदा, इतिहास, अर्थशास्त्र, सगळ्यांच्या वाटा इथे एकमेकींना छेदतात. लुई पाश्चरचं वाइनवरचं पुस्तक १८६६ चं; कॅलिफोर्नियात अमेरीन आणि विंकलर यांनी उष्णतेच्या बेरजेवरून प्रदेशांची वर्गवारी केली ती १९४४ मध्ये. शिराझला काळ्या मिरीचा वास ज्या संयुगामुळे येतो, ते रोटंडोन ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे क्षेत्र जुनं आहे आणि संपलेलंही नाही. विज्ञानाकडून येणाऱ्याने लेबल आणि कर यांना क्षुल्लक मानू नये. इतिहासाकडून येणाऱ्याने ब्रिक्स आणि आम्लतेचे आकडे टाळू नयेत.

एक शंका मनात असेल तिचंही उत्तर देऊन टाकतो. हा अभ्यास म्हणजे पिण्याचं समर्थन नव्हे. मुंबई (आता महाराष्ट्र) दारूबंदी अधिनियम १९४९ चा. महाराष्ट्रात वाइनसाठी कायद्याने वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. आपल्या विदर्भात वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षं होती, आणि तिच्यामागे गावोगावच्या बायकांनी उभी केलेली चळवळ होती. दारूने घरं मोडताना ज्यांनी पाहिली त्यांचा राग खरा आहे, आणि या क्षेत्राच्या गंभीर विद्यार्थ्याने तो अभ्यासाचा भाग मानावा. गंध घेऊन, आकडे तपासून, लेबल वाचून, बाग पाहून या विषयात खोलवर जाता येतं. घोट गिळणं ही अट नाही. जाणकार परीक्षकही चव घेऊन थुंकतात.

सुरुवात कशी करावी? एकाच वाणाच्या तीन लेबलांची तुलना करा. वर्ष, ठिकाण, मद्यार्क आणि साखरेचा वर्ग टिपा. मद्यार्क १४ टक्क्यांच्या पुढे असेल तर द्राक्ष किती पिकवून तोडलं असेल याचा तर्क करा. ठिकाण फक्त राज्यापुरतं दिलं असेल तर तालुका का सांगितला नाही हे विचारा. मग हंगामात, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, एखादी बाग पाहा. गंधांना आपले शब्द द्या. परदेशी पुस्तकांतली गूसबेरी आणि ब्लॅककरंट पाठ करण्यापेक्षा पेरू, कैरी, करवंद, जांभूळ, ओली माती, चिंचेचा कोळ यांवर बोट ठेवता येणं जास्त उपयोगाचं, कारण ते वास आपल्या आठवणीत आधीपासून आहेत.

शेवटी इथल्या विद्यार्थ्यांसाठी एक काम सुचवतो. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि नेणं यांवरचे निर्बंध सैल केले. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' मद्याचा दर्जा दिला. मोहफुलांपासून भट्टीवर न चढवता वाइन करण्याचे प्रयोगही प्रयोगशाळांत झाले आहेत. म्हणजे आज ना उद्या मोहाच्या बाटलीवर लेबल येणार, आणि त्यावर काय छापायचं हे कोणीतरी ठरवणार. कोकाच्या जंगलालगतचं फूल आणि साकोलीकडचं फूल यांत फरक पडतो का, ओलं वेचलं की वाळवून, किती दिवस सडवा ठेवला, कोणतं यीस्ट होतं, याची पद्धतशीर नोंद झाली पाहिजे. द्राक्षाच्या बाबतीत जे प्रश्न दोनशे वर्षं विचारले गेले ते मोहाला विचारायचे आहेत. ही नोंद आधी इथे झाली तर लेबलवर वेचणाऱ्यांचं गाव येईल, हंगाम येईल. ती झाली नाही तर तिथे फक्त एका कंपनीचं नाव आणि एखादं आदिवासी नक्षीचं चित्र येईल. वाइनचा अभ्यास भंडाऱ्याने का करावा, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. या, कामाला लागू.